पाण्याच्या केमिस्ट्रीत नोकरी करायचीय? मग आधी बाटली नीट धुवायला शिका

गेल्या महिन्यात भाचा आला होता कळव्याहून, बीएस्सी केमिस्ट्री झालीय, मार्कही बरे आहेत, आणि तोंड पाडून म्हणतो मामा फार्मावाले सगळे अनुभव मागतात आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही, आता मी काय करू. मी म्हटलं पाण्यात ये. तो हसायलाच लागला, त्याला वाटलं मी टँकरचा धंदा सुचवतोय. मग दोन-तीन रविवार बसून त्याला जे सांगितलं तेच इथे एकत्र करून लिहितोय, कारण असं विचारणारी पोरंपोरी बरीच असतात आणि मला प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा येतो. मी स्वतः आधी एका प्रायव्हेट लॅबमध्ये सॅम्पलिंगला होतो, मग एका केमिकल कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, शिफ्ट केल्या, आता कूलिंग टॉवर आणि बॉयलरच्या पाण्याचं बघतो. त्यामुळे जे लिहितोय ते हात ओले करून शिकलेलं आहे, एवढं धरून चाला.

आधी काम आहे कुठे ते बघू. ठाण्याहून वाशी नाहीतर पनवेल लोकल पकडा आणि डोंगराच्या बाजूच्या खिडकीत बसा. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, या सगळ्या पट्ट्यात टीटीसी एमआयडीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, पसरलेली आहे आणि तिथली कुठलीही कंपनी घ्या, रंग बनवणारी, औषधं बनवणारी, नाहीतर नुसते सर्व्हर थंड ठेवणारं डेटा सेंटर, सगळे पाणी आत घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. आत घेतलेलं पाणी बॉयलरला, कूलिंग टॉवरला, प्रोसेसला चालेल असं करावं लागतं आणि बाहेर सोडायचं पाणी कायद्यात बसेल असं करावं लागतं. आपली नोकरी या दोन कामांच्या मधली. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे, त्याखाली बहुतेक कंपन्यांना एमपीसीबीचं, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, कन्सेंट (परवानगी) लागतं आणि त्या कन्सेंटवर काय किती पीपीएमच्या (लिटरला इतके मिलीग्रॅम) आत पाहिजे ते लिहिलेलं असतं. ते आकडे रोज कोणीतरी काढायला लागतात ना, तो कोणीतरी म्हणजे तुम्ही.

आता कामाचे प्रकार. एक म्हणजे टेस्टिंग लॅब, एनएबीएलवाल्या (लॅबना मान्यता देणारी संस्था), ज्या सोसायट्यांचं, कंपन्यांचं, बोअरवेलचं पाणी तपासून रिपोर्ट देतात, फ्रेशरला आत घ्यायला सगळ्यात मोकळ्या याच, कारण यांना बाइकवर फिरून सॅम्पल आणणारी पोरं कायम लागतात. दुसरं ईटीपी, एसटीपी, सीईटीपी, म्हणजे कारखान्याच्या, घरगुती आणि अनेक कारखान्यांच्या सामायिक सांडपाण्याचे प्लांट, तिथे ऑपरेटर आणि केमिस्ट दोन्ही लागतात, शिफ्ट असते, वास असतो, पण जे शिकायला मिळतं ते कुठल्या कॉलेजात मिळत नाही. तिसरं वॉटर ट्रीटमेंटवाल्या कंपन्या, प्लांट आणि रेझिन आणि केमिकल विकणाऱ्या, रबाळ्याला आयन एक्स्चेंजसारखी १९६४ पासूनची जुनी कंपनी आहे, आणि बाकी छोट्या तर मोजू नका, यांच्याकडे सर्व्हिस इंजिनियर म्हणून फिरतीची नोकरी असते. चौथं फार्माचं वॉटर सेक्शन, म्हणजे प्युरिफाइड वॉटर आणि इंजेक्शनसाठीचं पाणी, तिथे कंडक्टिव्हिटी (पाणी वीज किती वाहू देतं), टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) आणि बॅक्टेरिया यावर सगळा खेळ, एसीत काम, पण कागदपत्रं इतकी की टेस्ट दहा मिनिटं आणि लिहिणं अर्धा तास. पाचवं सरकारी, एमपीसीबी, महापालिका, जीवन प्राधिकरण, भूजलवाल्यांच्या लॅब. एमपीसीबीची सेंट्रल लॅब तर आपल्या महापेलाच आहे, निर्मल भवनात. पण सरकारी जागा निघतात तेव्हा निघतात, फॉर्म भरा, अभ्यास करा आणि तोवर घरी बसून राहू नका.

शिक्षणाचं लोक उगाच टेन्शन घेतात. बीएस्सी केमिस्ट्री चालते, ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजला केलेली असो नाहीतर वाशीच्या कुठल्या कॉलेजातून. एमएस्सी अ‍ॅनालिटिकल असेल तर लॅबमध्ये वर जायला सोपं पडतं. डिप्लोमा केमिकल किंवा एन्व्हायर्नमेंट इंजिनियरिंगवाले प्लांटच्या बाजूला जातात. आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांनी स्वतःला कमी समजू नका, एओसीपी म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि एलएसीपी म्हणजे केमिकल प्लांटचा लॅब असिस्टंट, या दोन ट्रेडची पोरं मी ईटीपीवर बीएस्सीवाल्यांना शिकवताना बघितलीत.

आता टायटलमधली बाटली.

या लाइनमध्ये नव्वद टक्के चुका मशीनमध्ये होत नाहीत, त्या लॅबमध्ये यायच्या आधीच झालेल्या असतात, निदान माझा तरी अनुभव तसाच आहे. माझाच किस्सा सांगतो. नवीन होतो, मे महिना, एका सोसायटीच्या टाकीचं सॅम्पल घेतलं साध्या पारदर्शक बाटलीत, बॅगेत टाकलं आणि त्याच फेरीत अजून चार ठिकाणं फिरून संध्याकाळी लॅबला पोचलो. रेसिड्युअल क्लोरीन, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन, शून्य. रिपोर्ट गेला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी साफ करणाऱ्यावर सगळे तुटून पडले, त्याचं काम गेलं. पुढच्या आठवड्यात आमचे सर स्वतः गेले, टाकीजवळ उभं राहूनच डीपीडीने (क्लोरीन असलं की गुलाबी होणारं केमिकल) टेस्ट केली, गुलाबी रंग छान आला, ०.४ पीपीएम. क्लोरीन उन्हात आणि उष्णतेत उडून जातं हे मला पुस्तकात माहीत होतं, बाइकवर माहीत नव्हतं. त्या माणसाची माफी मागायला मी गेलो होतो, तो काहीच बोलला नाही, चहा पाजला, ते जास्त लागलं.

तर सॅम्पल घ्यायचं कसं ते नीट वाचा. पीएच, तापमान आणि क्लोरीन जागेवरच करायचं, ते लॅबपर्यंत आणायचंच नाही. नळाचं घेत असाल तर दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, नाहीतर तुम्ही पाइपमध्ये रात्रभर साचलेलं पाणी तपासताय. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, पण बॅक्टेरियाची बाटली विसळायची नाही, ती निर्जंतुक असते आणि तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, क्लोरीन मारायला, नाहीतर तेच क्लोरीन वाटेत उरलेसुरले जंतू मारतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. नवीन पोरं हमखास ते थायोसल्फेट धुऊन टाकतात. सीओडीच्या (पाण्यातली घाण केमिकलने जाळायला लागणारा ऑक्सिजन) सॅम्पलमध्ये सल्फ्युरिक टाकून पीएच २ च्या खाली आणायचा, मेटलसाठी नायट्रिक, बीओडीला (तीच घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) काही घालायचं नाही, नुसतं बर्फात ठेवायचं आणि लवकर पोचायचं. डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची, बाटली भरताना आत एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये, आणि मँगनीज सल्फेट नि अल्कली आयोडाइड अझाइड तिथेच घालून डीओ फिक्स करायचा. लेबल आधी लिहा, बाटली नंतर भरा. ओल्या हाताने ओल्या बाटलीवर लिहिलेलं लॅबपर्यंत टिकत नाही, आणि मग दोन बाटल्या समोर ठेवून इनलेट कुठली आउटलेट कुठली याचा अंदाज बांधायची वेळ येते, हसू नका, आलीय.

मग येतात टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण घालून मोजायच्या टेस्ट. चार आली की तुम्ही कुठेही उभे राहू शकता: हार्डनेस, अल्कलिनिटी, क्लोराइड आणि सीओडी. हार्डनेस म्हणजे शाळेतलं ते दुष्फेन पाणी, कॅल्शियम नि मॅग्नेशियम. ५० मिली सॅम्पल घ्या, अमोनियाचा बफर घालून पीएच १० करा, ईबीटी इंडिकेटर चिमूटभर टाका, वाइन रेड रंग येतो, ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करत जा, निळा झाला की थांबा. या ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ६.२ मिली लागलं तर ६.२ गुणिले १००० भागिले ५०, म्हणजे १२४ मिलीग्रॅम प्रति लिटर. एंड पॉइंट खेचत चालला, जांभळाच राहतोय, निळा होतच नाही असं झालं तर सॅम्पलवर खापर फोडायच्या आधी बफरचं झाकण उघडून वास घ्या, लांबूनच, अमोनिया उडून गेलेला असतो आणि पीएच १० झालेलाच नसतो.

क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम क्रोमेट इंडिकेटर, पिवळ्यावर विटकरी छटा आली की बास, छटा, पूर्ण विटकरी होईपर्यंत थांबलात तर रिडिंग जास्त येणार. अल्कलिनिटीला आधी फिनॉल्फ्थॅलिन, मग मिथिल ऑरेंज, आणि इथे पी (फिनॉल्फ्थॅलिनपर्यंतची) आणि एम (मिथिल ऑरेंजपर्यंतची) असे दोन आकडे निघतात, बॉयलरवाल्यांना दोन्ही लागतात. मराठीत एक घोळ आहे, आपण टीडीएसलापण (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून) क्षार म्हणतो, हार्डनेसलापण क्षार म्हणतो आणि अल्कलिनिटीला तर क्षारताच म्हणतो, त्यामुळे सोसायटीवाले काका "पाण्यात क्षार आहेत" म्हणाले की आधी विचारा काय होतंय नक्की, गीझरवर पांढरा थर बसतोय का चव खारट लागतेय, पहिलं हार्डनेस, दुसरं क्लोराइड.

सीओडी जरा दमाने. डायक्रोमेट, सल्फ्युरिक, सिल्व्हर सल्फेट, आणि क्लोराइडने गडबड करू नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट, १५० डिग्रीला दोन तास, मग फेरोइन इंडिकेटर घालून एफएएसने (फेरस अमोनियम सल्फेट) टायट्रेशन, निळसर हिरव्यावरून एकदम लालसर तपकिरी होतं, तो बदल एका थेंबात होतो, मोबाइल बघत बसलात तर गेला. ब्लँक, म्हणजे सॅम्पलऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच टेस्ट, प्रत्येक बॅचला लावायचाच. आणि हे झाल्यावर ट्यूबमधलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, त्यात पारा आणि क्रोमियम आहे, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यात द्यायचं. आपण पाणी वाचवायच्या टेस्ट करतो आणि तीच टेस्ट नाल्यात सोडतो, असं मी बघितलंय, म्हणून लिहिलं.

बीओडीचं एकच सांगतो कारण इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. बऱ्याच पुस्तकांत पाच दिवस, २० डिग्री असतं. आपल्याकडे आयएस ३०२५ (पाणी तपासायच्या पद्धतींचं भारतीय मानक) प्रमाणे तीन दिवस, २७ डिग्री. कारण आपल्या हवेत २० डिग्रीपेक्षा २७ सांभाळणं सोपं आणि आकडा साधारण तेवढाच येतो. हे कारणासकट सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

माझ्या मते या लाइनमध्ये खरा पगार वाढतो तो टायट्रेशन येण्याने नाही, रिपोर्ट वाचता येण्याने. वीस आकड्यांचा कागद हातात आला की कुठे पाणी मुरतंय ते अर्ध्या मिनिटात दिसलं पाहिजे. बीओडी कधीही सीओडीपेक्षा जास्त नसतो, कारण जंतू जे खातात ते सगळं डायक्रोमेट तर जाळतंच, वर जंतूंना न पचणारंही जाळतं, त्यामुळे बीओडी ६० आणि सीओडी ४५ असा रिपोर्ट आला तर तो परत पाठवा. टीडीएस हा कंडक्टिव्हिटीच्या साधारण ०.५५ ते ०.७ पट असतो, कंडक्टिव्हिटी ३०० आणि टीडीएस ९०० असं लिहिलं असेल तर दोनातलं एक कोणीतरी चहा पिताना भरलंय. क्लोराइड ४०० आणि टीडीएस ३५०? टीडीएसच्या पोटातच क्लोराइड असतं, मुलगा बापापेक्षा आधी जन्माला आला. पीएच ७.१ आणि पी अल्कलिनिटी २०? फिनॉल्फ्थॅलिन ८.३ च्या खाली रंगच दाखवत नाही, तर ती २० आली कुठून. आणि सगळ्यात भारी म्हणजे आयन बॅलन्स, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे मिली इक्विव्हॅलंट (विद्युतभाराच्या हिशोबात मोजलेलं प्रमाण) एकीकडे, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट दुसरीकडे, दोन्ही बेरजा जवळपास सारख्या आल्या पाहिजेत कारण पाण्याच्या ग्लासला हात लावल्यावर आपल्याला शॉक बसत नाही. पाच टक्क्यांपेक्षा बराच जास्त फरक असेल तर काहीतरी मोजायचं राहिलंय किंवा चुकलंय. ही एक एक्सेल शीट स्वतः बनवा, डाउनलोड करू नका, बनवताना जे डोक्यात बसतं तेच कामाचं.

आकडे पाठ करायचे तर थोडेच करा. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५००, पीएच ६.५ ते ८.५, टीडीएस ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत, हार्डनेस तसंच २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १०००, फ्लोराइड १ आणि १.५, नायट्रेट ४५ आणि त्यात सूट नाही, रेसिड्युअल क्लोरीन किमान ०.२, ई कोलाय १०० मिलीत सापडताच कामा नये. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर सर्वसाधारण पीएच ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५०, सस्पेंडेड सॉलिड १००, ऑइल ग्रीस १०. पण नोकरीवर पहिल्या दिवशी कंपनीचं स्वतःचं कन्सेंट मागून वाचा, तिथे यापेक्षा कडक लिहिलेलं असू शकतं आणि तुमच्यासाठी तेच खरं.

घरी काय करता येईल असं भाच्याने विचारलं, कारण लॅब नाही, केमिकल नाही. बरंच करता येतं. एक स्वस्तातला टीडीएस मीटर घ्या, पीएच पेपर घ्या आणि आजूबाजूचं पाणी मोजत सुटा. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणाचं, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, ठाण्याला स्टेम प्राधिकरणाचं, एमआयडीसीचं, मुंबई महापालिकेचं आणि ठाणे पालिकेच्या स्वतःच्या योजनेचं असं चार दिशांनी येतं, पण हे सगळं पावसाचं, धरणाचं पाणी, माझ्या मीटरवर नेहमी शंभरच्या आसपासच दाखवतं. मग घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीतलं बोअरवेलचं पाणी घ्या, टँकरचं घ्या, फरक बघा. बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळा, गार करा, निवळू द्या आणि पुन्हा मोजा. उकळताना थोडं आटतं, म्हणून पातेल्यावर खूण करून ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटर घालून खुणेपर्यंत आणा. टीडीएस उतरला आणि तळाला पांढरी पूड बसली तर ती टेम्पररी हार्डनेस, बायकार्बोनेट फुटून कार्बोनेट खाली बसलं. पूड व्हिनेगरमध्ये टाका, फसफसेल.

पावसाळ्यात अजून मजा. गढूळ पाणी सहा ग्लासांत घ्या, तुरटीचं एक टक्क्याचं द्रावण करा म्हणजे १ मिलीत १० मिलीग्रॅम तुरटी, आणि अर्ध्या अर्ध्या लिटरच्या ग्लासांत ०, अर्धा, एक, दीड, दोन, तीन मिली असं टाका, म्हणजे ०, १०, २०, ३०, ४०, ६० पीपीएम. आधी एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. कुठल्या ग्लासात कमीत कमी तुरटीत सगळ्यात स्वच्छ पाणी आलं ते लिहा. यालाच जार टेस्ट म्हणतात, धरणाच्या पाण्याच्या प्लांटवर तुरटी किंवा पीएसी (पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) किती सोडायची ते असंच ठरतं. घरी आजीला विचाराल तर ती म्हणेल आम्ही तुरटी फिरवायचो त्यात एवढं काय, बरोबरच आहे, फक्त आजीने आकडे लिहिले नव्हते.

आणि हो, मीटर हातात आला की दारावर येणाऱ्या फिल्टरवाल्यांच्या डेमोला फसू नका. ते दोन रॉड पाण्यात टाकतात, करंट देतात, नळाचं पाणी चॉकलेटी होतं आणि आरओचं तसंच राहतं, घरातले घाबरतात. ती घाण पाण्यातली नाही, रॉडमधलं लोखंड विरघळून गंज होतोय, आणि आरओच्या पाण्यात करंट वाहायला मीठच नाही म्हणून तिथे काही होत नाही. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, मग बघा कसा बॅग आवरतो. शंभर टीडीएसच्या पाण्याला आरओ लावून अर्धंअधिक पाणी मोरीत सोडायचं म्हणजे, जाऊ दे, तो वेगळा विषय.

ईटीपीवर लागलात तर पहिल्या आठवड्यात एक मोजपात्र आपलंसं करा, एक लिटरचं. एअरेशन टँकचं (जिथे हवा सोडून जंतूंकडून घाण खाऊन घेतात) पाणी त्यात भरून तीस मिनिटं ठेवा, गाळ किती मिलीवर बसला तो एसव्ही थर्टी. समजा ३५० मिली आणि एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण, लिटरला मिलीग्रॅम) ३५००, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो) १००, छान. हाच दीडशे दोनशेकडे जायला लागला की गाळ फुगतोय, क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायची टाकी) वाहून जाणार, आत्ताच डीओ बघा, इनलेटला काय वेगळं आलंय ते प्रॉडक्शनला विचारा. प्रॉडक्शनवाले कधीच सांगत नाहीत काय सोडलं ते, त्यांच्याशी चहाची मैत्री ठेवा, कुठल्याही ऑनलाइन मीटरपेक्षा ती आधी अलार्म देते.

कूलिंग टॉवरच्या लाइनला एक युक्ती मला फार उशिरा कळली. टॉवरमध्ये पाणी उडून जातं, मीठ राहतं, म्हणून आतल्या पाण्याचं क्लोराइड भागिले येणाऱ्या पाण्याचं क्लोराइड म्हणजे सायकल. आत १००, येतंय २०, पाच सायकल. आता हेच कॅल्शियमने काढा. पाचच आली तर ठीक. तीन आली तर? उरलेलं कॅल्शियम गेलं कुठे? कुठे जाणार, हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबमध्ये जाऊन बसलं. कस्टमरला ट्यूब उघडायच्या महिनाभर आधी हे सांगितलंत तर तुमचं नाव तो विसरत नाही. अट एवढीच की टॉवरमध्ये क्लोरीन किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) मारत असतील तर त्याचंही क्लोराइड वाढतं, मग सायकल कंडक्टिव्हिटीने किंवा सिलिकाने पण ताडून बघा.

आता थोडं कडू. कधी ना कधी वरून फोन येणार, सीओडी २४० लिही. एका कंपनीत मला आला, आणि पहिल्या वेळी मी लिहिला, खोटं कशाला सांगू, नवीन होतो, घरी हप्ते होते. पुढे अचानक तपासणी झाली, समोरासमोर सॅम्पल घेतलं, आकडा भलताच आला, आणि लॉगबुकवर सही माझी होती, फोन करणाऱ्याची नव्हती. त्यानंतर एकच नियम केला, ब्युरेटचं सुरुवातीचं आणि शेवटचं रिडिंग पेनाने लिहायचं, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाइटनर नाही. ज्याला दुसरा आकडा पाहिजे त्याने स्वतः टायट्रेशन करावं आणि स्वतः सही करावी. आश्चर्य म्हणजे पेन पुढे केलं की बहुतेक लोक गप्प बसतात. प्लांट खरंच बिघडलाय तर तो आकडा दाखवूनच ब्लोअर दुरुस्तीचे पैसे मंजूर होतात, हे मॅनेजरला एकदा समजावून बघा.

सेफ्टीचं दोन ओळीत, पण या ओळी वगळू नका. एसटीपी, ईटीपीच्या कुठल्याही बंद टाकीत गॅस मीटर, ब्लोअर, दोर आणि वर माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही, कोणी कितीही म्हणाला दोन मिनिटांचं काम आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास येत होता आणि आता येत नाही, म्हणजे गॅस गेला असं नाही, जास्त प्रमाणात तो नाकच बंद पाडतो. आत पडलेल्याला काढायला उडी मारणारा दुसरा माणूसही तिथेच राहतो. क्लोरीनचा टोनर (मोठं सिलिंडर) लीक झाला तर वारा जिकडून येतोय तिकडे आणि उंचावर जायचं, तो हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड, खाली पसरतो. आणि अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही, हे माहीत असूनही घाईत उलटं करणारे माझ्या डोळ्यांसमोर भाजलेत.

इंटरव्ह्यूला जाताना आयएस ३०२५, आयएस १०५०० आणि आयएसओ १७०२५ (टेस्टिंग लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) म्हणजे काय एवढं वाक्यात सांगता आलं पाहिजे. घरच्या प्रयोगांची वही बरोबर न्या, खरंच न्या, भाच्याने रबाळ्याच्या एका लॅबमध्ये जार टेस्टचे ग्लासांचे फोटो दाखवले आणि पुढची वीस मिनिटं गप्पा त्यावरच झाल्या. तुम्हीपण त्यांना विचारा, पेरोल कंपनीचा आहे का कॉन्ट्रॅक्टरचा, पीएफ कापतात का, सॅम्पलिंगला बाइक आपली असेल तर पेट्रोल कोण देतं, नाइट शिफ्टला लॅबमध्ये एकटं असतं का. हे विचारलं म्हणून कोणी नाकारलेलं मी बघितलं नाही, आणि नाकारलं तर सुटलात.

भाच्याचं पुढच्या सोमवारी जॉइनिंग आहे. त्याला सांगितलंय, काळं नाही निळं पेन ने म्हणजे झेरॉक्स आणि ओरिजिनल वेगळं कळतं, एक वॉटरप्रूफ मार्कर, एक जुना कॉटनचा शर्ट कारण सिल्व्हर नायट्रेटचे डाग जात नाहीत, आणि पायात सँडल नाही बूट. आणि तुमचा इंटरव्ह्यू महापेला असेल तर घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरून बस नाहीतर रिक्षा धरा, कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, रिक्षावाले प्लॉट नंबर विचारतात, तो कॉल लेटरवरून आधीच पाठ करून ठेवा.